बाहेरचा कप

आमच्या करडी गावातल्या घरात एका शब्दाला बंदी होती. शिव्यांना नव्हती. मोठी आई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, सकाळी म्हैस सोडताना तिच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करायची, आणि भिंतीपलीकडून कोणी हसलं तर त्याचाही. त्याला कोणाची हरकत नसे. पण ‘विटाळ’ हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला, की बाबा जेवता जेवता हात थांबवायचे. पाहुणा असला तरी. ‘आमच्या घरी हे नसते,’ एवढंच म्हणायचे आणि पुढचा घास घ्यायचे. पाहुणा मग उगाच लाखोरीच्या डाळीची तारीफ करू लागायचा.

या बंदीमागे माझ्या आजोबांची गोष्ट होती. मी त्यांना पाहिलं ते भिंतीवरच्या फोटोत. गोष्ट मात्र दर वैशाख पौर्णिमेला बाबांच्या तोंडून ऐकली. आजोबांच्या तरुणपणी बाजाराच्या गावी एक चहाचं हॉटेल होतं. त्याच्या बाहेर कडुनिंबाच्या खोडाला खिळा ठोकलेला होता आणि त्या खिळ्याला टवका उडालेला एक कप कानाने टांगलेला असे. तो आपल्या लोकांसाठी. आपणच तो काढायचा, आपणच विसळायचा, पुढे धरायचा. हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. पिऊन झालं की पुन्हा विसळून खिळ्याला. आजोबा दीक्षा घेऊन परतले ते थेट त्या हॉटेलावर गेले. खिळ्यावरचा कप काढला, पायरीवर आपटला आणि आतल्या कपातला चहा मागितला. मिळाला नाही. मग घरी आले तर आजी गोठ्याच्या भिंतीशी बसलेली, तिच्या वेगळ्या ताटलीसकट, कारण तिचे ते दिवस होते. आजोबांनी ती ताटलीही फोडली, तिला हाताला धरून चुलीपुढे आणलं आणि म्हणाले, ‘जे बाहेर मोडलं ते घरात पाळाचं नाही.’ बाबा गोष्ट इथे संपवायचे. विहारात टाळ्या वाजायच्या. माझ्या अंगावर दरवेळी काटा यायचा, आणि शाळेत पाळीच्या दिवसांत लोणच्याला हात न लावणाऱ्या मैत्रिणींची मला मनातून कीव यायची.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पलीकडच्या राइस मिलचा पट्टा सकाळीच फटफटू लागायचा आणि सगळ्या अंगणावर भुशाची पातळ पूड बसायची. आई तिच्यावर पाणी शिंपडत असे. ती कमी बोलायची. तिचं बोलणं भांड्यांतून व्हायचं. राग आला की परात वाजायची, खुशीत असली की झारा. आणि दुधाचा गंज. तुम्हा मुलांना पुस्तकातला गंज माहीत, लोखंडाला चढतो तो. आमच्याकडे गंज म्हणजे भांडं, दूध-भात-पाणी काहीही शिजवायचं उभट पातेलं. इंग्रजी शाळेत गेल्यावर मराठीच्या बाईंनी ‘गंज’ शब्दाचं वाक्य करायला सांगितलं, आणि मी ‘आईने गंज घासला’ असं लिहिलं. बाईंनी त्याच्यावर लाल फुली मारली. बाबांनी ती फुली पाहिली आणि आठवडाभर हसत राहिले.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. स्वतः इंग्रजी बिचकत बोलायचे, म्हणून मला त्यांनी भंडाऱ्याच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. रोज एसटीने कारध्याचा पूल ओलांडायचा. पुलावर खिडकीची जागा मिळाली की वैनगंगेवर नजर ठेवून मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवायची. बारावी झाली की नागपूरला वसतिगृहात राहून इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं, हे आमच्या घरात ठरल्यासारखं होतं. मोठी आई तेवढी म्हणायची, ‘पोट्टीले एकटी काहून धाडता बापा?’ त्यावर आत्या उत्तर द्यायची, ‘एकटी कायले? मी आहे ना.’

शीलाआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्न होऊन वर्षभरात नवरा गेला तेव्हापासून ती एकटी राहायची आणि शनिवारी आमच्याकडे यायची. गावोगावच्या शाळांत मुलींना पाळीविषयी सांगणं हे तिचं काम होतं. फळ्यावर आकृती काढून, खणखणीत आवाजात. पोरी माना खाली घालायच्या, तर ती म्हणायची, ‘मान वर करा वं. मान खाली घालून परीक्षेत पास होत नाही कोणी.’ मला पाळी आली तेव्हा आईने जुन्या लुगड्याच्या घड्या दिल्या आणि आत्याने पॅडचं पाकीट. मी अर्थातच पाकीट निवडलं.

पण पॅडची खरी अडचण ते वापरून झाल्यावर सुरू व्हायची. कापड धुऊन वाळत घालता येतं, लपवून का होईना. पॅडचं काय करायचं? जाळलं तर धुमसत राहायचं आणि सगळ्या वस्तीला वास जायचा. एकदा मी परसात पुरलं, तर दुसऱ्या सकाळी शेजारच्या कुत्र्याने ते उकरून अंगणाच्या मधोमध आणून ठेवलं, अगदी कमाई करून आणल्यासारखं. मोठी आई झाडू घेऊन त्याच्यामागे धावली. ‘अवो, हे का कापूस पिकला का आपल्या वावरात?’ असं ओरडत. सगळी हसली, मी सोडून. तेव्हापासून मी वापरलेली पॅडं कागदात गुंडाळून दप्तरातून भंडाऱ्याला न्यायची आणि शाळेमागच्या कचऱ्यात टाकायची. एसटीत गर्दी असली की दप्तर छातीशी घट्ट धरून उभी राहायची. वर्गातल्या एका साहेबाच्या मुलीने एकदा टॅम्पॉन, म्हणजे आत सरकवायच्या कापसाच्या सुरळ्या, दिले होते, धावण्याच्या स्पर्धेसाठी. ते सोयीचे वाटले, पण शेपटी असलेलं ते प्रकरणही शेवटी दप्तरातूनच जायचं. शिवाय करडीत ते मिळणार कुठे?

हे रडगाणं मी आत्याला सांगितलं, आणि पुढच्या शनिवारी तिने पर्समधून एक छोटी पिशवी काढली. तिच्यात रबरासारख्या मऊ, दुधी रंगाचा एक कप होता. बोटांत दाबला की चेपायचा, सोडला की टुणकन फुलायचा. खाली देठ. मी म्हटलं, ‘हे तर रॉकेलचं नरसाळं आहे.’ आत्या खदखदून हसली. नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये मिळाला होता. एक ती स्वतः वापरत होती. ‘घडी कर, आत सरकव, तो आपोआप उघडते. काढताना देठ ओढू नको, बूड दाब आधी. रिकामा कर, धू, पुन्हा लाव. महिना संपला की उकळून ठेव. वर्षानुवर्षं चालते. दप्तरात कचरा नाही न् काही नाही.’ मग उकळायला म्हणून तिने स्वतःच्या घरचा एक लहान स्टीलचा गंज दिला, काठाला पोचा आलेला. ‘आणि कोणी काही बोललं तर मले सांग. मी आहे ना.’

पहिला महिना फजितीचा होता. लागायचा नाही, लागला तर निघायचा नाही. न्हाणीघरात दरवाजाला पाठ लावून मी घामाघूम झाले आणि रडत आत्याला फोन लावला. ‘ओढू नको म्हटलं ना तुले! श्वास घे. बूड दाब. हवा सुटली का?’ सुटली. हळूच एक आवाज झाला आणि आम्ही दोघी फोनवर इतक्या हसलो, की बाहेरून आईने विचारलं, ‘काय होऊन राहिलं वं आत?’ मी आईला सगळं सांगितलं. ती कप हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, ‘आमच्या टायमाले असता तर रोवण्यात बरं झालं असतं.’ रोवणं म्हणजे धानाची लावणी. पोटऱ्यांपर्यंत चिखलात दिवसभर वाकून उभं राहायचं, आणि आडोसा कुठेच नाही. तेवढ्या एका वाक्यात तिने तिच्या तरुणपणाविषयी मला जे सांगितलं, त्याहून जास्त नंतरही कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या महिन्यापासून मी मोकळी झाले. खरंच मोकळी, मला दुसरा शब्द सापडत नाही. पुलावरून जाताना दप्तर खांद्याला लटकत असायचं आणि त्यात फक्त पुस्तकं असायची. परसातल्या चुलीवर तो लहान गंज ठेवून मी कप उकळायची. मोठी आईने एकदा पाहिलं, तर लांबूनच म्हणाली, ‘एकटीच अंडं उकडून खाते का वं?’ मी हो म्हटलं.

त्या वर्षीची वैशाख पौर्णिमा. सकाळी विहारात वंदना झाली, बाबांचं भाषण झालं, कपाची गोष्ट झाली, टाळ्या झाल्या. दुपारी आमच्याकडे मेश्राम सर जेवायला येणार होते. ते बाबांच्या शाळेतले, बायको वारलेले, शांत गृहस्थ. आत्याचं आणि त्यांचं जमावं असं बाबांच्या मनात होतं, आणि आत्याच्याही, असं तिच्या नव्या साडीवरून दिसत होतं. आईने खीर केली होती. नव्या तांदळाची, चारोळी घातलेली. मोठा गंज पाहुण्यांसाठी. घरातल्या वंदनेच्या जागेपुढे ठेवायची खीर आई नेहमी वेगळ्या लहान भांड्यात आधी शिजवायची. ते भांडं शेजारी गेलेलं होतं. म्हणून तिने माझ्या खाटेखालची पिशवी ओढली, माझा गंज काढला, राखेने लख्ख घासला आणि त्यात खीर शिजवली. पिशवीतला कप फडताळात चहाच्या कपांशेजारी ठेवून दिला. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या सासऱ्याने जे सांगितलं होतं ते तिने सरळ अर्थाने घेतलं होतं, इतकंच.

मेश्राम सर बैठकीत बसले होते. वंदनेच्या जागी खिरीची वाटी ठेवून झाली होती, मेणबत्त्या लागल्या होत्या. मोठी आई स्वयंपाकघरात आली आणि खरकट्या गंजाकडे बघत राहिली.

‘अवो, हा तर पोट्टीचा अंड्याचा गंज. याच्यात बुद्धाची खीर केली का तू?’

‘अंडं नाही शिजवत ती त्याच्यात,’ आई म्हणाली. आईला खोटं जमत नसे.

‘मंग काय शिजवते?’

फडताळातला कप तेवढ्यात तिच्या नजरेला पडला. तिने तो उचलला, दाबला, तो टुणकन फुलला. बैठकीतून बाबा पाणी मागायला आत आले होते. आत्या ताटात खिरीच्या वाट्या मांडत होती. मोठी आईने कप माझ्यापुढे धरला. मी सांगितलं, हा पाळीत वापरतात.

‘वापरतात म्हणजे? कुठं?’

‘आत,’ मी म्हटलं, आणि तिला कळलं. तिने पदर तोंडाला लावला. ‘माय वं! लग्नाच्या आधी? असं आत घालून राहिली पोट्टी, आन् तुम्ही तिले नागपूरले धाडता?’

बाबा घरात आमच्यासारखंच बोलायचे. पण राग आला की त्यांची भाषा पुस्तकी व्हायची. ‘हे तुला कोणी दिलं?’ त्यांनी विचारलं.

मी आत्याकडे पाहिलं. मला भीती वाटत नव्हती, हे मला स्पष्ट आठवतं. उलट थोडी मजाच वाटत होती, की आता आत्या फळ्यापुढचा तो खणखणीत आवाज काढेल, मान वर करा म्हणेल, आणि मोठी आईची चांगली जिरेल. बैठकीत मेश्राम सर खोकले. घर लहान होतं, भिंत पातळ होती. आत्याने वाट्या सरळ रेषेत लावल्या. मग एक वाटी उचलून पुन्हा होती तिथेच ठेवली.

‘मला काय माहीत?’ ती म्हणाली. ‘मी तर हिला पॅड आणून देत होते. मोबाइलवर बघून मागवलं असेल. आजकालच्या मुली.’

आजकालच्या मुली. तिने तेही पुस्तकी मराठीत म्हटलं, आणि ताट घेऊन बैठकीत गेली. खीर कशी झाली आहे, असं ती मेश्राम सरांना विचारत असलेलं मला ऐकू आलं.

आई म्हणाली, ‘घासून घेतला ना मी. राखेनं घासला. आपल्या घरी कुठं असते हे?’ तिने बाबांकडे पाहून विचारलं. तो टोमणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. बाबा वंदनेच्या जागेकडे गेले, वाटी उचलली, परसात लिंबाच्या बुडाशी खीर ओतली आणि हात धुऊन परत आले. दारातच उभं राहून, आवाज दाबून म्हणाले, ‘सणाच्या दिवशी विटाळ केला.’

राइस मिल सणामुळे बंद होती. तो शब्द आम्हा तिघींनाही नीट ऐकू आला.

मग त्यांनी मोठी आईच्या हातातल्या त्या वस्तूकडे बोट दाखवलं. ‘आणि हा कप घरात नको. बाहेर ठेव.’

मी विचारलं, ‘कोणचा कप, बाबा?’

मी उद्धटपणे विचारलं नव्हतं. ते वाक्य त्यांच्या तोंडून माझ्या कानात आलं आणि सकाळच्या विहारातल्या गोष्टीला जाऊन भिडलं, म्हणून प्रश्न आपोआप बाहेर पडला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. ते चटकन समजणारे गृहस्थ होते, आणि मला त्यांचा चेहरा चांगला वाचता यायचा. त्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, आणि मला वाटलं, आता हे थांबतील. ‘जास्त बोलू नको,’ ते म्हणाले, आणि बैठकीत पाहुण्याशेजारी जाऊन बसले.

आईने कप आणि गंज एका थैलीत घातला. गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीला दावं अडकवायचा खिळा होता, त्याला ती थैली टांगली. तिने कुठलं भांडंही वाजवलं नाही. आजी जिथून उठून आत आली होती, तीच ती भिंत. तिच्या ताटलीनंतर आमच्या घरातलं पहिलं वेगळं भांडं तिथे लटकलं.

नागपूरचा विषय रागाने संपला नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. कोणी ओरडलं नाही, कोणी मला मारलं नाही. निकाल लागल्यावर बाबा म्हणाले, ‘भंडाऱ्यालेही कॉलेज आहे. रोज येणंजाणं होते.’ बस. मी आत्याकडे निरोप पाठवला, स्वतः फोन केला. ती म्हणाली, ‘आता दादाच्या मनाविरुद्ध मी कशी बोलू? माझंही आत्ताच ठरलं आहे.’ दिवाळीनंतर तिचं मेश्राम सरांशी लग्न झालं. मी त्या लग्नात वाढायला होते. ती गावोगावच्या शाळांत जाऊन फळ्यावर आकृती काढत राहिली, निवृत्त होईपर्यंत. मुली तिला फार मानायच्या, असं मी ऐकलं आहे, आणि ते खरंच असणार.

मी कारध्याच्या पुलावरूनच इंग्रजी शिकले. शिकायचं ते शिकले, पुढे शिकवलंही. नागपूर मात्र राहून गेलं. त्या सगळ्या काळात दर महिन्याला मी गोठ्याच्या भिंतीवरची थैली काढायची आणि काम झालं की पुन्हा अडकवायची. कप वापरणं मी सोडलं नाही. पुष्कळ वर्षांनी, आत्या म्हातारी झाल्यावर, माझ्या घरी आली होती. चहा पिताना अचानक म्हणाली, ‘तेव्हा मी तरी काय करणार होते गं?’ मी म्हटलं, ‘मी आहे ना, एवढं म्हणायचं होतं.’ तिने बशी सरळ करून ठेवली. मी तिला माफ केलं असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण मी ते लिहिणार नाही. मी तिला आणखी चहा विचारला.

पण ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं, ते पुढच्या वैशाख पौर्णिमेचं. सकाळी विहारात पांढऱ्या साडीत मी आईच्या शेजारी बसले होते. बाबा भाषणाला उभे राहिले. मला वाटलं, या वर्षी ते ती गोष्ट सांगणार नाहीत. त्यांना जमणार नाही. त्यांनी सांगितली. तेच हॉटेल, तोच कडुनिंब, तोच खिळा. मी मान वर करून त्यांच्याकडे बघत होते. खिळ्याशी आल्यावर घसा साफ करून ते म्हणाले, ‘त्या खिळ्याला आपल्या लोकांसाठी एक ग्लास टांगलेला असे.’

ग्लासाला टांगायला कान नसतो, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. टाळ्या नेहमीसारख्याच वाजल्या. आईने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि कार्यक्रम संपेपर्यंत काढला नाही. पुढे बाबा गेले तोवर दर वर्षी तो ग्लासच राहिला. माझ्या चुलत भावंडांनी तीच गोष्ट उचलली, त्यांच्या मुलांनी तीच, आणि फिरत फिरत ती तुम्हा नातवंडांपर्यंत पोचली. तारा, तू शाळेत ती गोष्ट सांगितलीस, त्याचा व्हिडिओ तुझ्या आईने मला पाठवला. तू फार छान सांगितलीस. फक्त तुझ्या खापरपणजोबांनी त्या दिवशी पायरीवर फोडला तो ग्लास नव्हता. तो कप होता.